हप्ता चुकवला

मागच्या महिन्यात माझी एक विद्यार्थिनी क्लासला आली तीच डोळे भरून. मूळची लखनौची, बँकेत अधिकारी, बदलीवर नागपुरात येऊन आठ महिने झालेत. आठवड्यातून तीन संध्याकाळी ती प्रतापनगरला माझ्या घरी मराठी शिकायला येते. आदल्या दिवशी तिनं हिंगण्याकडच्या एका खातेदाराला स्वतःहून फोन केला होता. साठीतले शेतकरी, ट्रॅक्टरचं कर्ज, आणि हप्ता तारखेच्या दोन दिवस आधी भरलेला. तिला त्यांचं कौतुक करायचं होतं, आणि तेही मराठीतच. ती म्हणाली, "काका, तुम्ही हप्ता चुकवला, मला खूप छान वाटलं."

काकांनी फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी पावती घेऊन शाखेत आले, सगळ्यांसमोर ती टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "मॅडम, बारा वर्षं झाली या शाखेत. मी आजवर एक हप्ता चुकवला नाही." आणि चहा न घेता निघून गेले.

तिच्या मनात हिंदीतलं 'किश्त चुकाई' होतं. हिंदीत कर्ज 'चुकाना' म्हणजे फेडणं. मराठीत हप्ता चुकवणं म्हणजे बरोबर उलटं. ही चूक पुण्यात किंवा कोल्हापुरात क्वचित होईल, पण नागपुरात सहज होते, कारण इथे दोन्ही भाषा एकाच तोंडात राहतात. १९५६ पर्यंत हे शहर हिंदी-मराठी अशा दुभाषी मध्य प्रदेशाची राजधानी होतं. माझ्या वडिलांच्या पिढीला शाळेत मराठी आणि बाजारात हिंदी असंच वाढायला मिळालं. आजही सीताबर्डीवर भाव विचारताना अर्धं वाक्य या भाषेतलं असतं आणि अर्धं त्या.

मी तिला आधी पाणी दिलं. मग माझी वही काढली.

ही वही मी २००९ पासून लिहिते आहे. तेव्हा मी एका छापखान्यात मुद्रितशोधनाचं काम करत होते. डाव्या बाजूला नाम, उजव्या बाजूला ते कसं बिघडतं ते. दूध नासतं. भाजी करपते. पोळी वातड होते. पाक पुढे जातो. बोलणी फिसकटतात. बेत फसतो. जखम चिघळते, संपही चिघळतो. संसाराची घडी विस्कटते. रंग विटतो. संधी हुकते. वीण उसवते. बॅटरी उतरते. इंजिन बसतं. सूर लागत नाही. या सगळ्यांसाठी 'बिघडलं' म्हटलं तरी चालतं, अर्थ पोचतो. पण 'बोलणी बिघडली' असं म्हणणाऱ्याला मराठी येतं, एवढंच म्हणता येईल. ज्याच्या तोंडून 'बोलणी फिसकटली' येतं, त्याच्या घरात कधीतरी लग्नाची बोलणी झालेली असतात आणि आतल्या खोलीत बायका कान देऊन बसलेल्या असतात.

कोशात हे नेहमीच सापडतं असं नाही. शब्दाचा अर्थ मिळतो, शब्दाची सोबत मिळत नाही. मोल्सवर्थचा कोश मात्र मला यासाठी फार आवडतो. पहिली आवृत्ती १८३१ची, दुसरी १८५७ची. त्यात कितीतरी नामांखाली हे नाम कोणत्या क्रियापदाबरोबर येतं ते बारीक अक्षरात दिलेलं असतं, की हे 'घालतात', ते 'करतात', ते 'लावतात'. त्या माणसांनी नुसते शब्द गोळा केले नाहीत, ते कुणाशेजारी बसतात हेही पाहिलं.

माझ्या वहीतलं बरंचसं मात्र कानावर पडलेलं आहे. काटोलला माझ्या मामांची संत्र्याची बाग आहे. आंबिया बहारासाठी हिवाळ्यात झाडांचं पाणी तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात. झाड सुकल्यासारखं होतं, आणि मग पाणी दिलं की फुलावर येतं. त्याच दिवसांत अवकाळी पाऊस झाला तर मामा म्हणतात, "ताण तुटला." दोन शब्दांत वर्षाचं गणित सांगून होतं. पुढे फळं गळायला लागली तर ती फळगळ, आणि सगळंच गेलं तर "बहार हातचा गेला." मामांच्या तोंडी मी 'नुकसान झालं' हे शब्द कधी ऐकले नाहीत. ते शब्द पंचनाम्याच्या कागदावरचे.

वर्तमानपत्रांची स्वतंत्र पानं आहेत. बोजवारा उडतो, फज्जा उडतो, खेळखंडोबा होतो, तीनतेरा वाजतात, विरजण पडतं, पाणी फिरतं, माशी शिंकते. यातल्या प्रत्येकाला आपापलं गिऱ्हाईक लागतं. बोजवारा नियोजनाचा, वाहतुकीचा, पाणीपुरवठ्याचा उडतो, वरणभाताचा उडत नाही. विरजण आनंदावर पडतं, उत्साहावर पडतं. हे मला फार नेमकं वाटतं, कारण विरजण लागलेलं दूध पुन्हा दूध होत नाही. पाणी मेहनतीवर फिरतं. मातेरं आयुष्याचं होतं, आणि हा शब्द मी फार जपून वापरते. पराभवाला तर आपण एका गावाचंच नाव दिलं आहे. १४ जानेवारी १७६१ला जे झालं ते इतकं खोल गेलं की अडीचशे वर्षांनंतरही निवडणुकीत आपटलेल्या पक्षाचं 'पानिपत' होतं.

एवढं सगळं तिला दाखवून झालं, तरी तिचा प्रश्न उरलाच होता. काकांना एवढं का लागलं? शब्द चुकला हे खरं, पण माणूस पावती घेऊन वीस किलोमीटर का येईल?

मी तिला माझ्या आजीची गोष्ट सांगितली.

१९९१चा मे महिना. महालातलं आमचं जुनं घर, त्याची गच्ची, आणि कुरडयांचा दिवस. गहू तीन दिवस भिजलेले, रोज पाणी बदललेलं, चौथ्या दिवशी वाटून, पिळून, गाळून चीक काढलेला. रात्रभर तो खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी हलक्या हातानं ओतून टाकायचं. पहाटे पाचला गच्चीवर चूल पेटायची, कारण नागपूरच्या मे महिन्यात आठनंतर गच्चीवर पाय ठेववत नाही. मिठाचं पाणी उकळलं की त्यात चीक ओतायचा आणि लाकडी दांड्यानं ढवळत राहायचं. हात थांबवायचा नाही. पांढरा चीक हळूहळू काचेसारखा चमकायला लागतो, जड होतो, दांडा ओढायला जोर लागतो.

मी बारा वर्षांची होते. दांडा माझ्या हातात देऊन आजी सोऱ्याला तेल लावायला गेली. शेजारच्या गच्चीवर माझी मैत्रीण पतंगाचा जुना मांजा गुंडाळत होती, तिनं मला हाक मारली आणि मी कठड्यापाशी गेले. किती वेळ, ते आठवत नाही. वास आला तेव्हा वळले. चिकात गाठी झाल्या होत्या आणि बुडाशी तो तपकिरी पडला होता. तीन किलो गव्हाचा चीक होता तो. चार दिवसांचं काम.

आत्या ओरडली, "पाह्य ना माय, या पोट्टीनं पुरा चीक नासवला!"

आजी आली. तिनं पातेल्यात पाहिलं, दांड्यानं वरवर एकदा फिरवून पाहिलं. मग आत्याला म्हणाली, "लागला थोडासा खाली. तिले काऊन बोलून राहिली? खालचा राहू दे, वरचा घे."

लागला. लावला नाही.

तेव्हा मला एवढंच कळलं की आजी माझ्या बाजूनं आहे. पुढे वही लिहायला लागल्यावर कळलं की तिनं काय केलं होतं. आत्याचं क्रियापद होतं नासवणं, त्यामागे कुणीतरी उभं असावं लागतं, आणि तिथे मी उभी होते. आजीनं क्रियापद बदललं. चीक लागतो. चुलीवर ठेवलेली वस्तू आहे, ती कधी लागते. मी वाक्यातून बाहेर आले. आणि बाहेर आले म्हणूनच मला पुन्हा पातेल्यापाशी जाता आलं. त्या दिवशीच्या वरच्या चिकाच्या कुरडया मीही घातल्या. काही तुटल्या, काही चांगल्या झाल्या.

मराठीत असे जोड्यांनी राहणारे शब्द पुष्कळ आहेत. नासणं आणि नासवणं. करपणं आणि करपवणं. तुटणं आणि तोडणं. सुटणं आणि सोडणं. क्रिकेट बघणाऱ्यांना ही शेवटची जोडी चांगली माहीत असते: आपल्या लाडक्या खेळाडूच्या हातून झेल सुटतो, नावडत्यानं तो सोडलेला असतो. १५ मार्च २०१६ला मी जामठ्याच्या स्टेडियममध्ये होते. न्यूझीलंडच्या १२६ धावा, आणि आपला डाव ७९वर आटोपला. माझ्या आजूबाजूची माणसं परतताना 'विकेट गेल्या' आणि 'विकेट फेकल्या' यावरून भांडत पार्किंगपर्यंत आली. दोघांनी पाहिलेला सामना एकच होता.

काही जोड्यांत मात्र तो 'व' आला की अर्थच पालटतो. बेत फसतो, पण 'मी बेत फसवला' असं मराठी माणूस म्हणत नाही, कारण फसवणं म्हणजे लबाडी. आणि चुकणं तसंच आहे. वाट चुकते, नेम चुकतो, गाडी चुकते, काळजाचा ठोका चुकतो. माणूस आहे, चुकतं. पण नजर चुकवली, कर चुकवला, भेट चुकवली म्हटलं की ते जाणूनबुजून केलेलं असतं. आणि याच घरातला 'चुकता' हा शब्द पाहा, हिशेब चुकता केला म्हणजे पै न पै देऊन टाकली. एकाच मुळातून देणंही आलं आणि टाळणंही आलं.

तिला म्हटलं, "तू जर 'हप्ता चुकला' म्हणाली असतीस, तरी काका आले असते, पण बहुतेक हसत आले असते. यंत्रात काही गडबड झाली असेल, असं त्यांना वाटलं असतं. तू 'चुकवला' म्हणालीस. तू त्यांना बुडवे म्हणालीस."

तिनं वहीत 'व'भोवती गोल काढला.

मला स्वतःला हे धडे सोपेपणानं मिळालेले नाहीत. २०१३मधली गोष्ट. छापखान्यात एका लग्नपत्रिकेचं मुद्रित माझ्याकडे आलं होतं. मुहूर्त १७ मे, वार शुक्रवार. पत्रिका छापून आली तेव्हा तिच्यात शनिवार होता. पाचशे प्रती. मालक म्हणाले, "ताई, हे काय करून ठेवलंत?"

'करून ठेवणं' यातलं ते 'ठेवणं' ज्याला मराठी येतं त्याला बोचतंच. नुसतं 'केलंत' यात फक्त कृती आहे. 'करून ठेवलंत' म्हणजे केलंत आणि आता ते आमच्यासमोर असं पडलेलं आहे, निस्तरायला. तेच आपलं आपल्याला कळलं की आपण म्हणतो, 'काय करून बसले मी.' दुसऱ्यानं घोळ करून ठेवलेला असतो, आपण घोळ करून बसलेलो असतो. आणि जिथे कुणाचंच नाव घ्यायचं नसतं तिथे तो 'होऊन बसतो'. तीन छोटी क्रियापदं, आणि घरातली, कचेरीतली कितीतरी भांडणं त्यांच्यावर ठरतात.

मालकांना मी उत्तर दिलं, "माझ्याकडून राहून गेलं."

मुलीचे वडील तिथेच खुर्चीत बसले होते. निवृत्त शिक्षक. ते चिडले नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं, "बाई, राहून गेलं, की वाचलंच नाही?"

मी वाचलंच नव्हतं. नावं तपासली होती, वेळ तपासली होती, पत्ता तपासला होता. वाराची ओळ डोळ्यांखालून नुसती गेली होती. 'राहून गेलं' म्हणताना मी आजीचं क्रियापद उसनं घेतलं होतं, आणि मला ते घ्यायचा अधिकार नव्हता. आजीनं ते माझ्यासाठी वापरलं होतं. मी ते माझ्यासाठी वापरत होते. मी म्हटलं, "नाही वाचलं, सर. मी चुकले." त्या रात्री मी आणि माझी बहीण एक वाजेपर्यंत 'शुक्रवार' छापलेल्या पट्ट्या कापून पाचशे पत्रिकांवर चिकटवत बसलो. सकाळी सर पत्रिका न्यायला आले तेव्हा त्यांनी एक उचलून उजेडात धरली, पट्टीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "सरळ बसली आहे."

माझी ती पहिली वही आता अर्धीच वाचता येते. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. मी तेव्हा अंबाझरी लेआउटमध्ये तळमजल्याला राहत होते. पलंगावर चढून उजाडण्याची वाट पाहिली. आमच्यावर वेळ आली ती वस्तूंवरच निभावली, काही घरांत त्याहून वाईट झालं. चार दिवसांनी वही सापडली तेव्हा शाईच्या पेनानं लिहिलेली पानं पसरून निळी झाली होती, बॉलपेननं लिहिलेलं टिकलं होतं. 'मेहनतीवर पाणी फिरलं' हे मी त्याच वहीत लिहिलेलं होतं. ते पान टिकलं. मी ते गच्चीवर दोरीवर वाळवलं, आणि नव्या वहीत सगळं पुन्हा उतरवायला घेतलं. अजून 'म'पर्यंतच आले आहे.

उतरवताना एक क्रियापद मला पुन्हा नव्यानं दिसलं: बिनसणं. दोघांचं बिनसतं. भावाभावांचं बिनसतं, सासूसुनेचं बिनसतं. पण कुणी कुणाचं 'बिनसवत' नाही. ते रूपच मराठीत नाही. माझ्या वडिलांचं आणि आत्याचं महालातल्या घरावरून नऊ वर्षं बिनसलं होतं. त्या नऊ वर्षांत घरात कुणीही 'त्यांनी संबंध तोडले' असं म्हटलं नाही, आईनं म्हणू दिलं नाही. कुणी विचारलं तर ती म्हणायची, "त्यांचं जरा बिनसलंय." दहाव्या वर्षी आत्या दिवाळीला आली आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन बसली.

त्या संध्याकाळी मी आणि माझ्या विद्यार्थिनीनं काकांना काय म्हणायचं ते ठरवलं. तीन वाक्यं फळ्यावर लिहिली. 'माझ्याकडून चूक झाली.' 'माझा शब्द चुकला.' 'मी चुकले.' कोणतं म्हणायचं ते मी सांगितलं नाही. ती रविवारी एका सहकाऱ्याला घेऊन काकांच्या गावी जाऊन आली.

सोमवारी क्लासला आली तेव्हा चेहरा मोकळा होता. तिनं तिसरं वाक्य निवडलं होतं. काकांनी खाट टाकून दिली, काकूंनी चहा केला, वर पिशवीभर तुरीच्या शेंगा दिल्या. काका जे बोलले ते तिला पुरतं कळलं नव्हतं, म्हणून तिनं तिथेच मोबाइलमध्ये देवनागरीत टिपून आणलं होतं, जसं ऐकलं तसं:

"जाऊ द्या ना मॅडम. होते कधी कधी."

ती म्हणाली, "ताई, यात चूक कुणाची ते कुठे आहे? मला कर्ता सापडत नाहीये."

मी फोन हातात घेऊन ते वाक्य दोनदा वाचलं. मग नवी वही काढली आणि 'ह'साठी शेवटची पानं सोडून ठेवली होती, त्यातलं पहिलं पान उघडलं.